कडेला कोणाला उभं करायचं

परवा एका लग्नात मैत्रिणीच्या मुलीने फोन वर धरला, दोन बोटांनी पडदा चिमटला आणि अख्खा मंडप, वरचे पंखे, खालची सतरंजी आणि खुर्चीत टेकलेली मी, माझ्या सुजलेल्या पायांसकट, असं सगळं एका फोटोत आलं. ‘मावशी, ह्याला वाइड म्हणतात,’ ती मला समजावून सांगू लागली. मी ‘हो का गं’ म्हटलं. पंचेचाळिशी म्हणजे काही म्हातारपण नव्हे, पण आमच्या धंद्यात पाय माणसाच्या आधी म्हातारे होतात. इतक्या लग्नसराया उभ्याने काढल्यावर कुणी काही शिकवायला लागलं तर वाद घालण्यापेक्षा बसून ऐकून घेणं सोयीचं वाटतं. दर मे महिन्यात मी म्हणते हे शेवटचं वर्ष, आणि दिवाळी सरली की पुन्हा कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावते. त्या पोरीला मी फोटो छान आलाय म्हटलं. पण घरी येताना रिक्षात आठवत राहिलं, की ह्याच वाइडपायी एका उन्हाळ्यात आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

आमचं घर औरंगपुऱ्यात, दुकानाच्या वरच होतं. खाली अण्णांचा फोटो स्टुडिओ, वर दोन खोल्या आणि पत्र्याचं स्वयंपाकघर. शेजारी बँडवाल्यांचं दुकान होतं. मोसम नसला की त्यांची पोरं दुपारभर एकच गाणं अर्ध्यापर्यंत वाजवायची आणि तिथेच अडकायची, पुन्हा पहिल्यापासून. समोरून भाजी मंडईचा गलका, मधूनच मशिदीतली अजान, आणि सगळ्याच्या खाली आमच्या स्वयंपाकघरातली थाप, थाप, थाप. ती शांताआत्याची. अण्णांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती वैजापूरकडच्या आमच्या गावी परत आली. तिथून अण्णांनी शहरात दुकान टाकलं तेव्हा त्यांच्यासोबत इथे आली, ती कायमचीच. आई दिवसभर काउंटरवर पासपोर्ट फोटोंची गिऱ्हाइकं सांभाळायची, त्यामुळे घराचं सगळं आत्याकडे. ज्वारीची भाकरी, ओल्या मिरचीचा ठेचा आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाला एकत्र दळून केलेलं पीठ; पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीवर सोडलं की रस्त्यावरच्या माणसालाही भूक लागावी असा वास सुटतो. आम्ही सगळे वरपून जेवायचो आणि आत्या सगळ्यांत शेवटी, ओट्याशी उभी राहून, उरलेलं. तिच्या वाटणीला आमटी कधी पुरली असेल असं मला वाटत नाही. ती काठीसारखी बारीक होती, आणि लहानपणी मला वाटायचं की आत्या म्हणजे बारीकच असतात.

आणि संतोष. हा नानांचा मुलगा. नाना म्हणजे अण्णांचे मोठे भाऊ, वैजापूरला शेती आणि कांद्याचा व्यापार. संतोष पाचवीला आमच्याकडे शिकायला आला आणि कॉलेज संपेपर्यंत राहिला. त्याच्या शर्टाला बटण लावण्यापासून तापात रात्रीबेरात्री कपाळावर घड्या ठेवण्यापर्यंत सगळं आत्याने केलं. तो हाक मारायचा ‘आत्ये’, पण ती हाक ज्या सुरात यायची त्या सुरात दुसरी पोरं आईला हाक मारतात. त्याला नोकरी लागली, लग्न ठरलं, तेव्हा आत्या आठ दिवस काही ना काही कारण काढून शेजारपाजारी जाऊन सांगत होती. आमच्या घरात इतका आनंद दुसऱ्या कशाचा झालेला मला आठवत नाही.

लग्नसराईत मी आणि अण्णा जोडीने जायचो. मुलीने लग्नाचे फोटो काढायचे ही तेव्हा आमच्या भागात लोकांनी बघायला जमावं अशी गोष्ट होती. पण हळदीच्या खोलीत, नवरीच्या मेकअपच्या वेळी पुरुष फोटोवाला नको असायचा, म्हणून अण्णांनी मला बारावीनंतरच हाताशी घेतलं होतं. दुपारी कार्यालयातून परत यायचो तेव्हा जिना चढायचं त्राण नसायचं. आम्ही खालच्या पायरीवरच बसायचो. आत्या परातीत कोमट पाणी आणि मूठभर मीठ घेऊन खाली यायची आणि बापलेकीचे चारही पाय त्या एका परातीत. अण्णा डोळे मिटून म्हणायचे, ‘मने, दुसरा धंदा बघ बाई.’ दुसऱ्या दिवशी सकाळी तेच मला उठवायचे.

आता अण्णांच्या ग्रुप फोटोबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यावरच येतं. आमच्याकडच्या लग्नात भावकीचा फोटो म्हणजे गंमत नसते. चुलते, चुलतचुलते, त्यांच्या सुना, सगळे स्टेजवर एकदम. त्यात कुणाचा खांदा कापला गेला तर पुढची दहा वर्षं त्या घरचं बोलावणं येत नाही. मुख्य त्रास असा की फोटो घेईघेईपर्यंत बाजूने माणसं घुसत राहतात. ह्यावर अण्णांनी स्वतःची एक तोड काढली होती. नवरीचा मामा एका टोकाला आणि नवऱ्याचा मामा दुसऱ्या टोकाला. लग्नात मामाचा मान मोठा, त्याला ढकलून त्याच्या पलीकडे कोण उभं राहणार? दोन मामा उभे केले की कुंपण झालं. मामांनाही ते आवडायचं. आपल्याला मुद्दाम बोलावून जागा दिली, म्हणून ते छाती काढून उभे राहायचे. ‘मामा, जरा अलीकडं या’ असं अण्णा म्हणाले की मंडपाला कळायचं, आता मोठा फोटो होणार. इतकी वर्षं हे नीट चाललं.

मग डिजिटल आला. अण्णांनी मन घट्ट करून कॅमेरा घेतला, पण लेन्स जुनीच लावली. फिल्मच्या कॅमेऱ्यावर जी लेन्स अख्खी भावकी पोटात घ्यायची, तिला ह्या नव्या कॅमेऱ्यावर निम्मं स्टेज दिसेना. डिजिटलमध्ये फिल्मच्या जागी जो चौकोनी तुकडा असतो तो आमच्या कॅमेऱ्यात फिल्मपेक्षा लहान होता, त्यामुळे लेन्सने आणलेल्या चित्राचा फक्त मधला भाग त्याच्यावर पडायचा. हे मला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसलं की माणसं बसत नाहीत. पैठणच्या एका लग्नात नवऱ्याचा चुलता पुरता बाहेर राहिला, नुसती काठी आली. ते लोक अल्बम परत घेऊन आले आणि काउंटरवर आईला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन शहागंजला रफीकभाईंकडे गेले.

रफीकभाईंचं कॅमेऱ्याचं दुकान म्हणजे एका माणसाने आत जावं आणि दुसऱ्याने पायरीवर थांबावं एवढं. त्यांनी आमचं रडगाणं ऐकलं आणि कपाटातून दोन लेन्स काढून कापडावर ठेवल्या. एक जाडजूड, पुढचं भिंग बाहेर आलेलं. ‘ये चौडी. इसमें पूरा शहागंज आ जाता.’ दुसरी तिच्याहून अंगाने कमी. ही पण वाइडच, पण बेताची. मी चौडी डोळ्याला लावली आणि खरंच, आपण मागे सरकलो नसतानाही दुकान लांब गेलं. दोन्ही कोपरे, वरचा पंखा, पायरीवरचे अण्णा, सगळं आत. मी हरखून गेले. अण्णा मात्र दोन्ही लेन्स आलटूनपालटून लावत राहिले. दोन्ही घेण्याची आमची ऐपत नव्हती आणि एकदा घेतली की ती पुढची कित्येक वर्षं वापरायची होती. रफीकभाईंना अण्णांचा स्वभाव माहीत होता. ते म्हणाले, ‘दिगंबरभाई, दोनों लेके जाओ. लगनसरा में चलाके देखो. जो जमी वो रखो, जो नक्को वो लाके देव.’ अशी माणसं होती तेव्हा. आता मी ऑनलाइन लेन्स मागवते, तीही परत करता येते, पण कुणी माझ्याकडे बघून म्हणत नाही की घेऊन जा.

पहिल्याच लग्नात चौडी लावली. भावकी केवढी मोठी, आणि सगळी बसली! वर दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा उरली. अण्णांनी नेहमीप्रमाणे दोन टोकांना दोन मामा लावले, मी मागून बघून सगळे नीट उभे असल्याची खूण केली आणि कुणाला न ढकलता, न ओरडता फोटो झाला. परातीत पाय सोडून अण्णा त्या दिवशी चक्क गुणगुणत होते.

अल्बम गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी खुलताबादचे मामा दुकानात आले. नवरीचे मामा. सोबत अल्बम. माणूस सडपातळ, नीटनेटका, फेटा बांधलेला. त्यांनी भावकीचा फोटो उघडून काउंटरवर ठेवला आणि त्यावर बोट टेकवलं. आम्ही खाली वाकून बघितलं. मधली माणसं जशीच्या तशी होती. पण कडेचे मामा आडवे पसरले होते. गाल खांद्यावर आलेले, एक दंड दोन माणसांचा, डोकं बाहेरच्या अंगाला ताणलेलं. दुसऱ्या टोकाचे मामा तर मुळातच भरलेले, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. इतक्या रुंद लेन्समध्ये कडेचा माणूस ताणला जातो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि कॅमेऱ्याच्या मागच्या बोटभर पडद्यावर ते कळलं नव्हतं. रफीकभाईंच्या दुकानात कडेला नुसती खोकी होती.

‘मी काय पोतं हाय का ओ?’ मामा म्हणाले. ‘बायको इचारती, ह्यो कोन?’

‘मामा, लेन्सच तशी हाय. कडंचा मानूस जरा...’

‘कडंचा ना? मग मला कामून उभं केलं कडंला? तुमच्या मामाला करा की!’

आई तोंडाला पदर लावून आत गेली. मलाही हसू आवरत नव्हतं, पण अण्णांचा चेहरा बघून मी अल्बमावर वाकले. ज्यांना मान म्हणून मुद्दाम टोकाला उभं केलं त्यांचीच शोभा झाली होती.

त्यानंतर अण्णांनी काही दिवस बेताची लेन्स लावून बघितली. तिच्यात कुणी ताणलं जात नव्हतं, पण सगळ्यांना घ्यायचं तर इतकं मागे जावं लागायचं की पाठीला खुर्च्या लागायच्या, मध्ये व्हिडिओवाला यायचा, आणि एवढं करूनही कडेची चारसहा माणसं बाहेर राहायची. पुन्हा तीच भांडणं. मग एका सकाळी अण्णा दाढी करता करता आरशातच म्हणाले, ‘चौडीच लावू. मामाला मधी घ्यायचं. अन् कडंला अशी मानसं लावायची, जी अल्बम बघायला मागत नसतात.’

अशी माणसं प्रत्येक लग्नात असतात. पुऱ्या लाटणारी लांबची काकू, कोठीच्या खोलीचं कुलूप सांभाळणारी म्हातारी, हळदीच्या वेळी आपणहून बाजूला होणाऱ्या विधवा बाया. त्यांना शोधून आणायचं काम माझ्याकडे आलं. मी आत जायची आणि म्हणायची, ‘काकू, चला, फोटोत उभं राहायचंय.’ त्या आधी माझ्या मागे बघायच्या, दुसऱ्या कुणाला म्हणते आहे का म्हणून. मग पिठाचे हात घाईघाईने पुसायच्या, पदर डोक्यावरून नीट घ्यायच्या आणि स्टेजच्या अगदी टोकाला, फुलांच्या खांबाला चिकटून उभ्या राहायच्या. कडेला कोण आहे याच्याशी भावकीला काही घेणं नसायचं. एका बाईने तर फोटो झाल्यावर माझा हात धरला. ‘पोरी, माझा याच्या आधी फोटोच नाय बग. मेल्यावर भिंतीला काय लावतील म्हनून काळजी व्हती.’ मी तिला काय सांगणार होते, की तुम्हाला ताणायला उभं केलंय? त्या बायांना आनंद व्हायचा आणि मला घरी येऊन जेवण जायचं नाही. मी अण्णांना म्हटलं, हे मला पटत नाही. ते म्हणाले, ‘आधी कोन घेत व्हतं त्यांना फोटोत? आता येतात तरी.’ ते खरं होतं, आणि त्याचाच जास्त राग आला.

संतोषचं लग्न त्याच मोसमाच्या शेवटाला होतं. एक दिवस आत्या दुकानात आली, मी संगणकावर फोटो बघत होते. ती मागे उभी राहून बघू लागली.

‘ह्या कडंच्या कोन गं? सगळ्याच फोटोत येगळ्या बाया, अन् सगळ्या जाड?’

मी तिला सगळं सांगितलं. मामांचं, लेन्सचं, अण्णांनी काढलेल्या उपायाचं. वाटलं, तिला वाईट वाटेल. ती पडद्यावर आणखी वाकली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, ‘मने, संत्याच्या लग्नात मला बी कडंला उभं करशील का?’

मला रडूच आलं. मी म्हटलं, ‘तू कडेला कशाला? तू मध्ये उभी राहशील. त्याच्या शेजारी.’

‘येडी का काय. भावकी उठून जाईल. मला मधी नको.’ ती म्हणाली. ‘त्याच्या लग्नाच्या फोटोत मी असावं, एवढंच. कडंला चालंल. ताणलेली चालंल. पन घे मला.’

तिने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते चिडले. ‘अक्काला तसलं उभं करू? तिचं असलं सोंग मला बघवायचं नाय. नानाच्या घरी बेताचीच लेन्स लावायची.’

‘बेताची लावली तर आत्या फोटोतच येणार नाही. कडेची माणसं बाहेर राहतात, तुम्हाला माहितीये.’

‘मग नाय आली तर नाय आली.’

‘दुसऱ्यांच्या आत्या चालतात तुम्हाला,’ मी म्हणाले.

त्यानंतर आमच्यात बोलणं राहिलं नाही. आई दोघांच्या मध्ये निरोप नेत होती, ‘अण्णांना म्हणावं चहा झाला’, ‘मनीला म्हणावं बॅटऱ्या घे’. आत्याला वाटत होतं, आपण उगाच तोंड उघडलं. ती नेहमीपेक्षा जास्त कामं काढून बसली, उन्हात गच्चीवर येसराचं धान्य वाळवत राहिली. सगळे थकलेले होतो. मोसमाच्या शेवटी तसंही घरातल्या कुणाच्या अंगात काही शिल्लक नसायचं.

वैजापूरला कार्यालयात गर्दी होती आणि कूलर बंद पडले होते. भावकीच्या फोटोची वेळ आली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जिचा आम्ही दोघांनी विचारच केला नव्हता. नवऱ्याचा सख्खा चुलता म्हणून अण्णांना स्वतःला स्टेजवर उभं राहायचं होतं. कॅमेरा माझ्याकडे आला. ‘बेताची लाव,’ ते जाताना म्हणाले, आणि नानांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मी बेताची लावली. मागे सरकले. आणखी सरकले. पाठीला खुर्च्या लागल्या, खुर्चीवरच्या आजोबांनी शिवी दिली. तरी डावीकडचे दोघे-तिघे बाहेर, उजवीकडे नानांच्या थोरल्या सुनेचं अर्धं अंग बाहेर. वरून घामाघूम झालेली माणसं ओरडत होती, ‘ए पोरी, आटप की!’ मी खाली बसले, बॅग उघडली आणि चौडी लावली. उठून बघितलं तर सगळे आत आले होते, उजव्या कडेला फुलांचा खांब होता आणि डाव्या टोकाला एका माणसाची जागा रिकामी होती.

आत्या बायकांच्या खोलीच्या दारात उभी होती. धुतलेलं फिकं लुगडं, हात एकमेकांत घट्ट धरलेले. ती माझ्याकडे बघत नव्हती, स्टेजकडे बघत होती.

‘आत्या, ये. इथे ये, कडेला,’ मी मोठ्याने म्हटलं.

नानांच्या कपाळाला आठी पडली. ‘तिला कशाला आता? घे की फोटो.’

‘एक बाजू मोकळी दिसतेय, नाना. फोटो वाकडा येईल. कुणीतरी लागतंच तिथे,’ मी म्हणाले. हे साफ खोटं होतं. पण फोटोवाल्याने सांगितलं की लोक ऐकतात, हे मी अण्णांकडून शिकले होते. अण्णा समोरून माझ्याकडे बघत होते. त्यांना दिसलं होतं कुठली लेन्स लावली आहे. ते फोटोसाठी ताठ उभे राहिले. मुंडावळ्या सावरत संतोषच ओरडला, ‘आत्ये, ये ना पटकन, जीव चाललाय गरमीनं!’

ती आली. पायऱ्या चढताना लुगडं वर धरून, जपून. टोकाला उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि हनुवटी वर करून थेट माझ्याकडे बघितलं. मी एकापाठोपाठ पाच-सहा फोटो काढले.

घरी संगणकावर तो फोटो आम्ही तिघांनी एकदमच पाहिला, मी, अण्णा आणि आत्या. ती ताणलेली आली होती, चांगलीच. गाल भरलेले, दंड गोल, लुगड्यात अंग मावत नाही अशी. अण्णांनी मान फिरवली. आत्या मात्र पडद्याच्या अगदी जवळ गेली. ‘अगं बाई,’ ती म्हणाली आणि हसायला लागली. ‘चांगल्या खात्यापित्या घरची दिसते की मी! असली मी कवाच नव्हते गं.’ तिला तो फोटो मनापासून आवडला होता. कितीतरी वेळ ती तिथून हलली नाही. अण्णा उठून दुकानाच्या दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावलेला मी पाहिला.

नमुन्याचा अल्बम वैजापूरला गेला आणि नानांचा फोन आला. नानांचा आवाज कांद्याच्या लिलावात कमावलेला. रिसीव्हर अण्णांच्या कानाला होता, पण बोलणं सगळ्या दुकानाला ऐकू येत होतं.

‘बाकी ब्येस झालंय. पन त्या भावकीच्या फोटोत कडंची तेवढी काढून टाक. घागरीवानी दिसती ती. व्याह्यांकडं अल्बम जायचाय, लोक काय म्हनतील? अन् तसं बी तिचं काय काम तिथं? काप ती बाजू.’

माझा हात माऊसवर होता. कापायला क्षणही लागला नसता. डिजिटलमध्ये कापण्याइतकं सोपं दुसरं काही नाही. आणि नानांचा शब्द अण्णांनी कधी मोडलेला नव्हता. मोठा भाऊ, वडिलांच्या जागी. दुकान टाकलं तेही नानांनी हो म्हटल्यावर. मी अण्णांकडे बघत बसले. ते फोनची वायर बोटाला गुंडाळत होते.

‘नाय जमायचं नाना,’ शेवटी ते म्हणाले.

‘का?’

‘लेन्सच तशी हाय. चौड्या लेन्सचा फोटो कापता येत नसतो. एक बाजू कापली की सगळा फोटो बिघडतो. नवरानवरी बी खराब होतात.’

पलीकडे नाना काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवल्याचा आवाज आला. अण्णांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

आत्या चहा घेऊन जिना उतरत होती. कपबशा काउंटरवर ठेवून तिने विचारलं, ‘नानाचा व्हता ना? काय म्हनत व्हता?’

‘अल्बम आवडला म्हनं,’ अण्णा म्हणाले. ‘अक्काची तब्येत सुधारलेली दिसती म्हनला.’

आत्याने एक कप त्यांच्याकडे सरकवला. ‘दिगू, नानाचा आवाज मला वैजापूरहून बिगरफोनचा बी ऐकू येतो,’ ती म्हणाली. मग पदराने काउंटरवर सांडलेला चहा पुसला. ‘पन तू कापलं नाय. लई झालं मला.’

अण्णांनी कप उचलला. ते गरम चहा घटाघट प्यायले. आत्या रिकामा कप घेऊन वर गेली. अण्णांनी बॅगेतून बेताची लेन्स काढली, भिंग शर्टाच्या टोकाने स्वच्छ पुसलं आणि माझ्या हातात दिली. त्या उन्हाळ्यात कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी थेट बोलत होते. ‘ही नेऊन दे रफीकभाईंना.’

मी लगेच निघाले. रफीकभाईंनी लेन्स उलटसुलट करून पाहिली, कपाटात ठेवली आणि मग त्यांना काहीतरी आठवलं.

‘चौडी रख लिए? पर उसमें तो किनारे के लोगां मोटे आते बोलके तुम्हारे अब्बा ही बोल रहे थे ना?’

‘हौ चाचा, आते,’ मी म्हटलं. ‘आने दो.’